यार्डात उभ्या राहिलेल्या डिझेल इंजिनांचं पुढे काय होतं?

तुमचा प्रश्न मी असा समजतो. गावाजवळच्या यार्डात बऱ्याच दिवसांपासून डिझेल इंजिनांची रांग उभी आहे, चाकांशी गवत वाढलंय आणि मार्गावर विजेची तार आल्यापासून त्यांना कुणी हात लावलेला दिसत नाही. ती सगळी भंगारात जाणार का, जाणार असतील तर परदेशात का विकत नाहीत, विजेवर का करून घेत नाहीत, आणि त्यातलं एखादं तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजला मिळेल का, हे तुम्हाला हवंय. तुमच्या लिहिण्यात हळहळ आहे. ती मलाही आहे. माझी सगळी नोकरी डिझेल शेडमध्ये गेली आणि शेवटची काही वर्षं इंजिन कंडम, म्हणजे कायमचं बाद, करायचं की नाही हे तपासणाऱ्या कमिटीवर मी होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्नच थोडा बदलून घेऊ. बाहेरून पाहणाऱ्याला इंजिन ही एकच वस्तू दिसते. शेडमध्ये आम्ही तसं बघत नाही. डब्ल्यूडीएम-२ हा ब्रॉडगेजवरच्या डिझेल इंजिनांचा वर्ग घ्या. ११२.८ टनांचं हे इंजिन म्हणजे एका फ्रेमवर एकत्र आणलेला सुट्या यंत्रांचा संच आहे: १६ सिलिंडरचा २६०० अश्वशक्तीचा पॉवर पॅक (मुख्य डिझेल यंत्र), त्याला जोडलेला मेन जनरेटर, हवा दाबून भरणारा टर्बो, ब्रेकसाठी हवा पुरवणारा एक्स्प्रेसर, यंत्राचा वेग सांभाळणारा गव्हर्नर, दोन बोगी (चाकं धरणारे सांगाडे), त्यांत सहा ट्रॅक्शन मोटर आणि सहा चाकजोड्या. यातल्या प्रत्येक मोठ्या भागाला स्वतःचा नंबर आणि स्वतःचं रेकॉर्ड असतं. एका इंजिनातली मोटर दुसऱ्यात जाते, पॉवर पॅक तिसऱ्यात. पटियाळ्याच्या कारखान्यात जुन्या डब्ल्यूडीएम-२ पूर्ण उघडून, नवीन वायरिंग आणि ३१०० अश्वशक्तीचा पॉवर पॅक घालून डब्ल्यूडीएम-३ए म्हणून बाहेर पडत. नंबर जुनाच राही, फक्त त्याच्या शेवटी ‘आर’ लागे. त्या इंजिनात मूळचं उरलेलं असे ते मुख्यतः फ्रेम आणि बोगी.

तेव्हा ‘या इंजिनाचं काय होणार’ यापेक्षा ‘यातलं काय जिवंत आहे, ते कुणाला हवंय आणि हा निर्णय वेळेवर होतो का’ हा प्रश्न विचारला तर उत्तर सापडतं. तिसरा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. माझा अनुभव असा की चांगली इंजिनं निवृत्तीनं मरत नाहीत, निर्णयाविना उभी राहून मरतात.

तुमच्या यार्डातल्या इंजिनांबद्दल ती न बघता छातीठोक सांगणं चुकीचं होईल. त्यांचा वर्ग कुठला, वय किती, शेवटचं पीओएच (ठराविक काळानं होणारी मोठी दुरुस्ती) कधी झालं, कुठल्या अवस्थेत ती उभी केली आणि होम शेडमध्ये अजून डिझेलची माणसं आहेत का, या पाच गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. वयाचा हिशेब रेल्वेत कोडल लाइफवर, म्हणजे ठरवून दिलेल्या आयुष्यावर, चालतो. डिझेल इंजिनाचं ते ३६ वर्षं धरलेलं आहे, आणि निम्म्यावर, म्हणजे १८ वर्षांनी, मोठं पुनर्निर्माण. ३६ झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी कापलं असं होत नाही, पण त्यानंतर त्याच्यावर मोठा खर्च मंजूर करून घेणं अवघड होतं. उलट वीस वर्षांचं, नुकतंच पीओएच झालेलं इंजिन केवळ मार्गाचं विद्युतीकरण झालं म्हणून मोकळं झालं असेल, तर ते कागदावर आणि प्रत्यक्षातही तरुण असतं. तुमची हळहळ या दुसऱ्या प्रकारासाठी असेल तर ती अगदी योग्य आहे.

ही वेळ एवढ्या झपाट्यानं आली कशी, हेही लक्षात घ्या. ॲल्को या अमेरिकन कंपनीकडून पहिल्या डब्ल्यूडीएम-२ १९६२ मध्ये आल्या आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल कारखान्यात त्या बनायला लागल्या. तीनेक दशकं देशाची बहुतेक मोठी गाडी या वर्गानं ओढली. गेल्या दहा-बारा वर्षांत विद्युतीकरणाचा वेग इतका वाढला की ब्रॉडगेजचं जवळजवळ सगळं जाळं तारेखाली आलं. कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग हा डिझेलचा बालेकिल्ला होता. जून २०२२ मध्ये त्याचंही विद्युतीकरण पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. वाराणसीचा तो कारखाना आता बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स या नावानं मुख्यतः विजेची इंजिनं बांधतो. एवढं सगळं एका पिढीच्या नोकरीत घडलं, आणि मोकळ्या होणाऱ्या इंजिनांची सोय त्या वेगानं लागली नाही. तुमच्या यार्डातली रांग त्यातून आली आहे.

शिवाय डिझेल संपलं असंही नाही. बिहारमधल्या मढौराच्या कारखान्यासाठी २०१५ मध्ये १००० नव्या डिझेल इंजिनांचा करार झाला, ७०० इंजिनं ४५०० अश्वशक्तीची आणि ३०० इंजिनं ६००० ची. म्हणजे एकीकडे नवीन डिझेल येत होती आणि दुसरीकडे जुनी बाजूला उभी राहत होती. यामुळे सर्वांत आधी मार बसला तो ॲल्को कुटुंबाला: डब्ल्यूडीएम-२, ३ए, ३डी आणि मालगाड्यांची डब्ल्यूडीजी-३ए. ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या रचनेची डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ ही नव्या घडणीची, एसी मोटरची, कमी तेल खाणारी. राखीव साठ्यासाठी निवड करायची वेळ आली की शेड त्यांनाच हात घालतं. तुमच्या रांगेत लांब नाकाची, मधोमध उभी चिमणी असलेली आणि काळ्या धुराच्या डागांनी माखलेली इंजिनं असतील तर ती बहुधा ॲल्को आहेत.

आता उभं राहण्याबद्दल. याच विषयावर मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की न वापरलेलं यंत्र झिजत नाही.

ॲल्कोची एक्झॉस्ट चिमणी सरळ वर उघडते. इंजिन चालू असलं की त्यातून पाऊस आत जायचा प्रश्नच नसतो. पण उभ्या इंजिनावर पहिला पाऊस पडला आणि चिमणीवर पत्रा बांधलेला नसला, तर पाणी टर्बोमधून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये उतरतं, आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडा राहिला असेल त्यात जाऊन बसतं. काही आठवड्यांत लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) गंजाचा पट्टा उमटतो. म्हणून बरेच दिवस उभं असलेलं इंजिन आम्ही कधीच थेट क्रँक करत नसू. आधी सगळे टेस्ट कॉक (सिलिंडरवरचे छोटे नळ) उघडायचे आणि क्रँकशाफ्ट हातानं, बारिंगच्या दांड्यानं, पूर्ण फिरवायची. एखाद्या कॉकमधून पाण्याची पिचकारी आली की समजायचं, घाई केली असती तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बॅटरीच्या जोरावर फिरणारं एवढं मोठं इंजिन तिथेच काहीतरी मोडतं.

मोटरचं तसंच. ट्रॅक्शन मोटर ही चाकाच्या धुरीला टेकून, जमिनीलगत लटकलेली असते. चालत्या इंजिनात तिच्यावर ब्लोअरची हवा सतत असते आणि ती स्वतःच्या उष्णतेनं कोरडी राहते. उभ्या इंजिनात ती पावसाळाभर दमट हवा पिते. मग मेगर (इन्सुलेशन मोजायचं उपकरण) लावला की इन्सुलेशनचं रीडिंग शून्याजवळ येतं. नवखा माणूस म्हणतो मोटर गेली. बहुतेक वेळा ती गेलेली नसते, गरम हवेनं नीट वाळवली की रीडिंग परत येतं. पण कम्युटेटर, म्हणजे ज्यावर ब्रश टेकतात तो मोटरचा तांब्याचा फिरता भाग, उघडून पाहावाच लागतो. निरोगी कम्युटेटरवर चॉकलेटी रंगाची एकसारखी झिलई असते. ब्रश महिनोन्‌महिने एकाच जागी टेकून राहिले की त्यांच्याखाली डाग पडतो, तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि ती झिलई पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. बेअरिंगचंही तेच, सगळा भार एकाच जागी टेकून राहिला की रोलरच्या वाटेवर खुणा उमटतात. म्हणून उभी इंजिनं अधूनमधून थोडी सरकवायची असतात. हे काम कुणाच्या यादीत लिहिलेलं नसलं की ते होत नाही.

मग उंदीर येतात आणि केबल कुरतडतात. बॅटऱ्या उतरतात, उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटा सल्फेट होतात. तांब्याच्या तारांना पाय फुटतात. आणि सर्वांत घातक गोष्ट घडते ती शेडमध्ये: दुसऱ्या एखाद्या चालू इंजिनाचा गव्हर्नर बिघडतो, स्टोअरमध्ये नवा नसतो, आणि फोरमन म्हणतो, ‘त्या उभ्याचा काढा.’ एकदा का पहिला भाग काढला की ते इंजिन परत उभं राहत नाही. आज गव्हर्नर, उद्या टर्बो, परवा दोन मोटर. मी ही पद्धत चुकीची म्हणत नाही. कंडम व्हायचंच ठरलेल्या इंजिनाचे भाग असे वापरणं हाच त्यांचा उत्तम उपयोग आहे. पण ज्याला राखीव ठेवायचंय किंवा विकायचंय त्याचे भाग काढले तर दोन्ही बाजूंनी तोटा. इंजिन उभं केलं त्या महिन्यातच त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं पाहिजे की हे राखीव, हे विक्रीचं, हे सुट्या भागांचं. मी कमिटीवर असताना हाच एक मुद्दा पुन्हापुन्हा मांडत आलो.

राखीव ठेवण्याचा मार्ग आधी बघू, कारण तुमच्यासारख्या माणसांना तो माहीत नसतो. तारेवर सगळं चालायला लागलं तरी तार तुटते. चक्रीवादळात खांब पडले, पुरात सबस्टेशन गेलं, अपघात झाला आणि ओएचई (रुळांवरची विजेची तार) काढून क्रेन चालवायची वेळ आली की त्या टापूत डिझेलशिवाय पान हलत नाही. अपघात मदत गाडी आणि तिच्याबरोबरची १४० टनी क्रेन जिथे पोचवायची तिथे वीज असेलच असं गृहीत धरता येत नाही. शिवाय सामरिक गरज आहेच, सगळं वीजपुरवठ्यावर टाकणं कुठल्याही देशाला परवडत नाही. तेव्हा काही डिझेल इंजिनं राखीव ठेवणं हे धोरण म्हणून योग्यच आहे.

मात्र राखीव इंजिन यार्डात गवतात उभं करून राखता येत नाही. ते ठराविक दिवसांनी चालू करावं लागतं, त्याचं शेड्यूल (ठराविक देखभाल) करावं लागतं, ल्यूब ऑइलची तपासणी करावी लागते. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: त्या टापूत डिझेल भरायची सोय हवी, प्रक्रिया केलेलं पाणी हवं, आणि डिझेल चालवायची सवय असलेले लोको पायलट हवेत. फ्युएल पॉइंट बंद झाला आणि सगळा स्टाफ विजेच्या इंजिनांवर गेला की तिथलं राखीव इंजिन फक्त यादीत राखीव राहतं. मी हिशेब विचारतो तो असा: वादळ झालं त्या रात्री हे इंजिन दोन तासांत यार्डाबाहेर पडेल का? उत्तर ‘हो’ असेल तेवढीच इंजिनं राखीव समजावीत.

शंटिंग आणि कारखान्यांच्या सायडिंगचं काम हा दुसरा मार्ग. बंदरं, औष्णिक वीज केंद्रं, पोलाद कारखाने, सिमेंटवाले यांच्या आतल्या रुळांवर तार नसते, कारण वरून कोळसा किंवा माल भरायचा असतो. तिथे जुनं ॲल्को वर्षानुवर्षं काम करतं. राइट्स या सरकारी कंपनीसारख्या संस्था अशा ठिकाणी इंजिनं भाड्यानं देतात आणि ती सांभाळतातही. अडचण एवढीच की २६०० किंवा ३१०० अश्वशक्तीचं इंजिन दिवसभर चार डबे ढकलायला वापरलं तर ते बहुतेक वेळ नुसतं आयडल (काम न करता चालू) असतं, आणि आयडलिंगला ॲल्को तासाला वीस लिटरहून जास्त डिझेल पितं. छोटं सहायक इंजिन, ज्याला एपीयू म्हणतात, बसवलं की हा खर्च तासाला तीनेक लिटरवर येतो. मला कुणा कारखान्यानं विचारलं तर मी आधी एपीयू आहे का ते बघायला सांगतो, रंगरंगोटी नंतर.

आता परदेशाचं. ‘का विकत नाहीत’ असं तुम्ही विचारलंत, पण दिली गेली आहेत. जुलै २०२० मध्ये भारतानं बांगलादेशाला ब्रॉडगेजची १० डिझेल इंजिनं अनुदान म्हणून दिली, आणि मे २०२३ मध्ये आणखी २०. पहिल्या दहांच्या वेळी जाहीर झालं होतं की त्यांचं २८ वर्षं किंवा त्याहून जास्त आयुष्य शिल्लक आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. बाहेर देण्याजोगी असतात ती तरुण, नीट ओव्हरहॉल केलेली इंजिनं. गवतात उभी राहून पार्ट काढलेली म्हातारी इंजिनं कुणी फुकटही घेत नाही, कारण जहाजात घालून नेण्याचा आणि तिथे उभं करण्याचा खर्चच त्यांच्या किमतीबाहेर जातो.

गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, कुंपण त्याहून मोठं. आपलं १६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज शेजारी सोडले तर अर्जेंटिना, चिलीसारख्या मोजक्याच देशांत आहे. आफ्रिकेत मोठा भाग १०६७ मिलिमीटरचा केप गेज आणि मीटरगेज. ब्रॉडगेजचं इंजिन केप गेजवर न्यायचं म्हणजे दोन चाकांमधलं अंतर सहाशे मिलिमीटरनं कमी करायचं, आणि त्या उरलेल्या जागेत ट्रॅक्शन मोटर आणि गिअरकेस बसवायची. हे करता येतं, पण धुरीपासून बोगीपर्यंत सगळं नव्यानं आखावं लागतं. मग एक्सल लोड येतो. डब्ल्यूडीएम-२ चा भार एका धुरीवर १८.८ टन पडतो. हलक्या रुळांच्या आणि जुन्या पुलांच्या मार्गावर तेवढा चालत नाही. मीटरगेजच्या वायडीएम-४ इंजिनांना या बाबतीत नशिबानं साथ दिली. आपल्याकडे १९९२ नंतर गेज रूपांतरात त्या मोकळ्या होत गेल्या आणि मलेशिया, टांझानियासारख्या मीटरगेज असलेल्या देशांत काम करायला गेल्या.

परदेशी घेणारा आणखी एक प्रश्न विचारतो आणि तो रास्त आहे: याचे सुटे भाग उद्या कोण देणार? ॲल्कोनं स्वतः १९६९ मध्येच इंजिनं बांधणं थांबवलं. त्यानंतर जगभरातली जुनी ॲल्को मोठ्या प्रमाणात भारतात बनणाऱ्या भागांवर तगली, कारण एवढ्या संख्येनं ही इंजिनं वापरणारा ग्राहक दुसरीकडे नव्हता. तो ग्राहकच आता बाजूला होतोय. लायनर, पिस्टन, सिलिंडर हेड, टर्बोचे भाग करणारे छोटे कारखाने मोठ्या ऑर्डरवर जगत होते. ऑर्डर घटली की भाव चढतो आणि काही जण तो माल बंद करतात. म्हणजे आपण इंजिनं काढतो तेव्हा विकायला ठेवलेल्या इंजिनांचं मोलही आपोआप उतरतं. मला विचाराल तर परदेशी विक्रीची खरी अट ही आहे: इंजिनाबरोबर दहा वर्षांच्या सुट्या भागांची आणि दोन-चार कसलेल्या मिस्त्रींची सोय द्या. नुसतं इंजिन देऊन भागत नाही.

विजेवर करून घेण्याचा प्रयोग झालेला आहे आणि तो वाराणसीतच झाला. डब्ल्यूडीजी-३ए वर्गाची दोन डिझेल इंजिनं विजेवर आणून त्यांची १०,००० अश्वशक्तीची जोडी बनवली गेली. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ती रवाना झाली. रूपांतराला ६९ दिवस लागल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. कारागिरी म्हणून हे काम मोठं होतं, मला त्याचा अभिमानच वाटतो. पण पुढे त्याची रांग लागली नाही. याचं कारण माझ्या मते साधं आहे. डिझेल इंजिनातलं सगळ्यांत मोलाचं असतं ते पॉवर पॅक, जनरेटर आणि त्यांचं सगळं सहायक सामान. विजेवर जाताना नेमकं तेच बाहेर निघतं. उरतात फ्रेम आणि बोगी, म्हणजे त्यातल्या त्यात स्वस्त भाग, आणि त्यांचंही अर्धं आयुष्य सरलेलं. ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर, पँटोग्राफ ही सगळी महाग सामग्री नवीच घ्यावी लागते. तेवढ्या पैशांत, मोठ्या संख्येनं बनणारं, पूर्ण ३६ वर्षांचं नवीन विजेचं इंजिन मिळत असेल तर हिशेब नव्याकडे झुकतो. नव्या इंजिनांचा तुटवडा असता तर उत्तर वेगळं आलं असतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: तरुण आणि चालू अवस्थेतली इंजिनं राखीव साठ्यात, सायडिंगवर किंवा शेजारी देशांत जातात, मध्यम वयाची आधी सुट्या भागांची खाण होतात, आणि वय झालेली किंवा पोखरलेली कंडम होतात. विजेवर जाणारी अपवाद. कंडम होणारी संख्येनं सर्वांत जास्त, हे मान्यच करायला हवं.

कंडम होणं ही लांबलचक प्रक्रिया आहे. शेड प्रस्ताव पाठवतं, कमिटी इंजिन पाहते, काय काढून ठेवायचं ते ठरतं, मंजुरी मिळाली की ते स्टोअर खात्याच्या ताब्यात जातं आणि लॉट नंबर पडून रेल्वेच्या आयआरईपीएस या पोर्टलवर ई-लिलावात येतं. विक्री ‘जसं आहे जिथे आहे’ या तत्त्वावर. बोली लावणाऱ्यानं वाचायची गोष्ट एकच, यात कुठले भाग नाहीत त्याची यादी. सहाही मोटर असलेलं इंजिन आणि मोटर काढून घेतलेलं इंजिन यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण तांबं बहुतेक मोटर, जनरेटर आणि केबलमध्येच असतं. बाकी सगळं पोलाद आणि बीड.

काढून ठेवण्यासारखं बरंच असतं. चाकं नवी असताना १०९२ मिलिमीटर व्यासाची असतात आणि १०१६ वर आली की बाद. मधल्या मापाची चाकजोडी भंगारात गेलेली मला कधी सहन झाली नाही. क्रँकशाफ्ट मॅग्नाफ्लक्सनं (चुंबकीय तपासणीनं) तडा तपासून ठेवावी. टर्बो, गव्हर्नर, एक्स्प्रेसर, रेडिएटर, बुल गिअर हे सगळं चालू इंजिनांचं आयुष्य वाढवतं. चांगल्या शेडमध्ये कंडम इंजिन लिलावाला जातं तेव्हा त्यातून घेण्यासारखं काही उरलेलं नसतं.

कापण्याच्या कामाबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण तिथे माणसं जखमी होतात. पाच हजार लिटरची इंधन टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफा असतात, ती धुऊन, मोकळी करून, शक्यतो पाणी भरूनच गॅस कटर लावायचा. जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्टभोवतीच्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि पूर्वी कूलिंगच्या पाण्यात क्रोमेट घालत. ते पिवळं पाणी आणि ल्यूब ऑइल जमिनीत सोडलं तर आसपासच्या विहिरींना भोगावं लागतं. कंत्राटदारानं मास्क, हातमोजे आणि तेल गोळा करायची पिंपं आणल्याशिवाय पहिली ठिणगी पडू देऊ नये. हे पाहण्याची जबाबदारी ताबा देणाऱ्याचीही आहे.

आता तुमची रांग वाचायची कशी ते सांगतो. रुळांत न शिरता, परवानगी असेल तिथूनच बघा. चिमणीवर पत्रा किंवा ताडपत्री बांधलेली असली तर कुणीतरी ते इंजिन परत चालवायच्या इराद्यानं ठेवलंय. चाकांच्या खालच्या कडेवर चकाकी असली तर ते अलीकडे हललंय. बाजूचे दरवाजे उघडे, आतला पॉवर पॅक गायब, हेडलाइट काढलेले, ही सुट्या भागांची खाण. अंगावर पांढऱ्या रंगात मोठा लॉट नंबर असला तर ते विकलं गेलंय किंवा जाणार आहे. पीओएचची तारीख अंगावर रंगवलेली असते. ती ताजी असूनही इंजिन उघड्यावर, चिमणी न झाकता उभं असेल, तर त्याबद्दल रेल्वेला जरूर लिहा. तेवढ्या एका पत्रानं एखादं चांगलं इंजिन वाचू शकतं.

कॉलेजसाठी पूर्ण इंजिन मागण्याआधी विचार करा. रुळाला जोडलेलं नसलेल्या जागी ११२ टनांची वस्तू न्यायची म्हणजे सुटं करून, बहुचाकी ट्रेलर आणि मोठ्या क्रेननं. खाली पाया हवा, वर छप्पर हवं, आणि दरवर्षी रंगासाठी पैसा हवा. बरीच प्लिंथवर (चौथऱ्यावर) चढवलेली इंजिनं पाच-सहा पावसाळ्यांत खालून कुजतात, कारण उद्घाटनानंतर त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ज्यांना ॲल्को नीट जपलेलं पाहायचंय त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जावं, १८०४० या नंबरची डब्ल्यूडीएम-२ तिथे आहे.

तुम्ही मेकॅनिकलचे विद्यार्थी आहात, तेव्हा माझा सल्ला असा: एक सिलिंडर हेड, एक पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड, एक लायनर, एक टर्बो आणि एक ट्रॅक्शन मोटर मागा. मोटर उघडून ठेवलेली मिळाली तर फारच उत्तम. हे सगळं एका ट्रकमध्ये येतं, वर्कशॉपमध्ये छपराखाली राहतं आणि मुलांना हात लावून शिकता येतं. प्राचार्यांच्या सहीनं विभागाच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयाला पत्र द्या. कुठल्या विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी कुठला भाग हवा ते स्पष्ट लिहा, आणि कंडम इंजिनातला, वापरासाठी बाद ठरलेला भागही चालेल हे आवर्जून नमूद करा. त्या एका वाक्यामुळे स्टोअर खात्याला होकार देणं सोपं जातं. पत्र पावसाळ्याआधी गेलं तर बरं, कारण लॉट उचलला गेला की मागून काही हाती लागत नाही.